कॅम्पग्राउंड बुक करताना या चुका टाळा, पोरं सोबत असतील तर नक्कीच टाळा

सुट्ट्या जवळ आल्या की मला ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, "अगं बघ ना कसलं भारी कॅम्पग्राउंड मिळालंय!" आणि खाली फोटो. फोटोत पाणी, पाण्याला अगदी चिकटून टेंट, संध्याकाळचा सोनेरी उजेड. मी विचारते, टॉयलेट किती लांब आहे? रात्री पोरांना घेऊन कुठून जायचं? जमीन कुठल्या बाजूला उतरते? तर पलीकडून बराच वेळ काही नाही, मग एक हसरा इमोजी. म्हणजे बुकिंग झालेलं आहे आणि मला फक्त कौतुक करायला बोलावलंय.

आम्ही टेंटवाले, आणि माझे दीर-जाऊबाई आरव्हीवाले, म्हणजे गाडीमागे ओढायचा ट्रेलर आहे त्यांचा. दोन्ही घरची मिळून चार पोरं. इतकी वर्षं एकत्र जातोय त्यामुळे टेंटच्या चुकाही करून झाल्यात आणि ट्रेलरच्याही. माझा एकच नियम आहे, जागा दुपारच्या फोटोवरून निवडायची नाही, रात्री दोन वाजता तिथे आपलं काय होईल ते डोळ्यासमोर आणायचं आणि मग बुक करायचं.

पाण्याला चिकटलेली साइट

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, कारण मी स्वतः केलीय आणि तेही सगळ्यांशी भांडून. नकाशावर नदीकाठची सगळ्यात शेवटची साइट (म्हणजे टेंट नाहीतर ट्रेलर लावायची नंबरची जागा) होती, तीच हवी म्हणून हट्ट केला. लेक तेव्हा चार वर्षांची. पोचल्यावर अर्ध्या तासात कळलं की आपण सुट्टीवर नाही, पहाऱ्यावर आलोय. ती पाण्याकडे पळणार, मी मागे पळणार, नवरा टेंट लावणार, परत ती पळणार. दोन मोठ्या माणसांपैकी एकाचे डोळे कायम पाण्याकडे, म्हणजे कामाला उरलं एकच माणूस.

मग रात्र झाली आणि गारठा सुरू झाला. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन खोलगटात साचते, त्यामुळे काठावरची सखल जागा पन्नास पावलं वरच्या जागेपेक्षाही गार आणि दमट असू शकते. आतून टेंट ओला, स्लीपिंग बॅगा ओलसर, पोरं कुडकुडतायत.

आणि मग दीडच्या सुमारास पाण्याचा आवाज बदलला. आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नव्हता हं, वर कुठेतरी डोंगरात झाला असणार. कॅम्पग्राउंडचा माणूस टॉर्च घेऊन प्रत्येक टेंटपाशी येऊन उठवत होता, गाड्या वर घ्या, सामान राहू द्या. आम्ही पोरांना स्लीपिंग बॅगसकट उचललं आणि वरच्या बाजूला भाऊजींच्या ट्रेलरचं दार वाजवलं. आठ माणसं त्या ट्रेलरमध्ये, कुणाचा पाय कुणाच्या तोंडावर. सकाळी जाऊन पाहिलं तर टेंटचा अर्धा भाग पाण्यात, नदीकडच्या खुंट्या गायब आणि लेकीचा एक बूट कायमचा गेला. आमचं बुटावर भागलं.

सगळ्यांचं भागत नाही. स्पेनमध्ये पिरेनीज डोंगरात बिएस्कासजवळ 7 ऑगस्ट 1996 ला कॅम्पग्राउंडमध्ये पाण्याचा लोंढा शिरला आणि 87 माणसं गेली. ते कॅम्पग्राउंड ओढ्याच्या तोंडाशी, डोंगरातून वाहून आलेल्या गाळ-दगडांच्या पंख्यासारख्या सपाटीवर वसवलेलं होतं. अशी सपाटी दिसायला फार छान असते पण ती मुळात पुरानेच तयार केलेली असते. अमेरिकेत आर्कान्सामध्ये 11 जून 2010 ला पहाटेच्या अंधारात लिटल मिसुरी नदी चढली आणि अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडमध्ये 20 जण दगावले, लोक झोपेत होते. वाहतं पाणी जेमतेम 15 सेंटीमीटर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय सुटू शकतात, 30 सेंटीमीटरला छोटी गाडी तरंगायला लागते आणि 60 सेंटीमीटर म्हणजे बहुतेक गाड्या गेल्याच. तेव्हा "पाणी वाढलं तर निघू की गाडीने" हे मला सांगू नका.

आता मी काय करते, तर नदी असलेलं कॅम्पग्राउंड घेते पण साइट दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतली, वरच्या अंगाची. आणि फोन करते. फोनवर "पाणी येतं का हो?" असं विचारत नाही, त्याचं उत्तर "छे छे" असंच येतं. मी विचारते, "मागच्या मोठ्या पावसात कुठल्या नंबरच्या साइटवर पाणी आलं होतं?" मग माणूस आपोआप खरं बोलतो, आठवून आठवून नंबर सांगतो. तिथे पोचल्यावर झाडांच्या बुंध्यांवर, झुडपांत वाहून आलेल्या काटक्या-पाचोळा कुठल्या उंचीला अडकलाय ते बघायचं. तो तुमच्या कमरेएवढा वर असेल तर साइट बदलून मागा, लाजू नका.

टॉयलेट

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पोराला लागलीय इथे आणि टॉयलेट पार दुसऱ्या टोकाला. फार लांब नको, पण अगदी समोरची साइटही नको कारण रात्रभर दार आपटतं आणि दिवा थेट टेंटवर. मी तीन-चार साइट सोडून घेते. आणि शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तशी टॉयलेटवरून कॅम्पग्राउंडची, ते स्वच्छ असेल तर बाकीचंही बहुतेक धड असतं.

"30 फूट" म्हणजे कुणाचे 30 फूट?

ही आरव्हीवाल्यांची. भाऊजींचा ट्रेलर 26 फुटी. साइटवर लिहिलेलं 30 फूट. बुकिंग झालं, सगळे खुश. तिथे गेल्यावर लक्षात आलं की 26 फूट ही मॉडेलच्या नावातली लांबी, पुढच्या हिच कपलरपासून (ट्रेलर गाडीला जोडतात तो भाग) मागच्या बंपरपर्यंत टेप लावली तर जवळपास 30. ओढणारी गाडी वेगळीच. आणि त्या कॅम्पग्राउंडच्या हिशेबात 30 फुटांत सगळंच बसायला हवं होतं, गाडीसकट. वर साइट रिव्हर्सने आत घालायची, काटकोनात, अरुंद रस्ता, वळणावर झाड. भाऊजी आत, जाऊबाई मागे उभ्या राहून हात करतायत, मी पुढे, नवरा बाजूला, आणि चौघेही वेगवेगळं सांगतोय. पाऊण तास चालला तो प्रकार, मागे दोन गाड्या खोळंबलेल्या, शेजारच्यांनी तर खुर्च्या वळवून घेतल्या बघायला. शेवटी ट्रेलर गेला आत, आणि बाजूची स्लाइड, म्हणजे आत जागा वाढावी म्हणून ट्रेलरच्या भिंतीचा बाहेर सरकणारा भाग, उघडायला गेलो तर ती विजेच्या खांबाला टेकत होती. म्हणजे आतला सोफा तीन दिवस भिंतीला दाबलेलाच.

आता भाऊजींकडे एक कागद आहे, त्यावर खरी मोजलेली लांबी, गाडीसकट लांबी, उंची आणि स्लाइड किती बाहेर येते ते, सगळं लिहिलंय. उंची यासाठी की रस्त्यात खालचे पूल असतात आणि फोनमधला नेहमीचा नकाशा तुमची गाडी केवढी उंच आहे ते विचारत नाही. नवीन माणसाने सरळ पुल-थ्रू साइट मागावी, म्हणजे एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. काही लोकांना त्यात कमीपणा वाटतो. वाटू दे. रिव्हर्स शिकायचं असेल तर रिकाम्या पार्किंगमध्ये शिका, भुकेली पोरं मागच्या सीटवर घेऊन नको.

सपाटीचंही विचाराच. गॅसवर चालणारे अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज ट्रेलर जास्त कललेला असेल तर नीट गार करत नाहीत आणि बरेच दिवस तसेच चालवले तर बिघडतात. चाकाखाली ठोकळे घालून थोडा उतार सावरता येतो, सगळा नाही.

टेंट आणि आरव्ही एकत्र नेताना

इथे लोक गृहीत धरतात की शेजारी-शेजारी दोन साइट घेतल्या की झालं. फुल हूकअपच्या म्हणजे पाणी, वीज, सांडपाणी तिन्ही असलेल्या साइट बऱ्याचदा खडीच्या नाहीतर काँक्रीटच्या असतात. तिथे टेंटची खुंटी मारून दाखवा बरं. काही ठिकाणी तर आरव्ही साइटवर टेंट लावूच देत नाहीत. उलट टेंटच्या भागात वीज नसते आणि ट्रेलर आत वळतच नाही. आम्ही नकाशावर दोन भाग जिथे एकमेकांना लागतात तिथल्या साइट शोधतो. पोरं मधल्या पट्ट्यात खेळतात आणि दोन्हीकडून दिसतात.

विजेचं अजून एक. अमेरिकेत खांबावर 30 किंवा 50 अँपचा सॉकेट असतो, युरोपात साधारण 6, 10 किंवा 16 अँप मिळतात. 30 अँप 120 व्होल्टला म्हणजे 3600 वॉट, 50 अँपवर दोन लाइन मिळून 12000. लोक 50 अँपची गाडी अ‍ॅडॉप्टर लावून 30 वर जोडतात आणि मग एसी, मायक्रोवेव्ह, केस वाळवायचं यंत्र सगळं एकदम लावतात आणि ब्रेकर पडला की कॅम्पग्राउंडच्या नावाने शंख. अ‍ॅडॉप्टरने प्लग बसतो हो, वीज वाढत नाही. पडला ब्रेकर तर सगळं बंद करा, ब्रेकर चढवा, एकेक चालू करा. तरी पडला तर ऑफिसला सांगा, खांबाशी स्वतः खेळू नका.

पटापट बाकीच्या

रेल्वे. नकाशावर रूळ रस्त्याला कुठे छेदतो ते बघा, तिथे गाडी भोंगा देते, आणि मालगाड्या रात्रीच जातात असं माझं ठाम मत झालंय.

सावली. टेंटला सकाळची सावली लागते, म्हणजे पूर्वेला झाड हवं, नाहीतर सातलाच आत भट्टी. पण वर मान करून वाळक्या फांद्या बघा. ऑस्ट्रेलियात नदीकाठच्या मोठ्या रेड गम (निलगिरीचीच एक जात) झाडांखाली टेंट लावू नका असं मुद्दाम सांगतात, कारण त्यांच्या फांद्या वारा नसतानाही तुटून पडतात.

प्ले एरिया. आहे का, यापेक्षा तिथे जायला आतला रस्ता ओलांडावा लागतो का ते बघा. लूपच्या, म्हणजे साइटींमधून फिरून येणाऱ्या आतल्या रस्त्याच्या, तोंडाची साइट घेतली की येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तुमच्या पोरांसमोरून जाते. आतल्या टोकाची घ्या.

शांततेची वेळ. बऱ्याच ठिकाणी रात्री 10 ते सकाळी 6 असते. पाटीवर असते, पाळली जाते का ते रिव्ह्यूत कळतं. जनरेटरच्या वेळा वेगळ्या विचारा, आणि शेजाऱ्याचा जनरेटर टेंटच्या दिशेने धूर सोडत असेल तर गप्प बसू नका, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो.

रिव्ह्यू. पाच तारे वाचायचे नाहीत, एक तारा पण नाही, तो माणूस दुसऱ्याच कशावर तरी चिडलेला असतो. तीन तारेवाले वाचा, आणि तुम्ही जाणार त्याच महिन्यातले वाचा. डास, चिखल, गर्दी सगळं महिन्यावर असतं.

अंधारात पोचणं. करूच नका. निघायलाच उशीर झाला तर वाटेत कुठेतरी झोपा. हे सांगून माझं तोंड दुखलं.

चुकीची साइट मिळालीच तर

ट्रेलर सोडण्याआधी, टेंटची पिशवी उघडण्याआधी सगळ्यांनी खाली उतरून साइटभर एक फेरी मारायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे काहीजण गाडी थांबायच्या आत खुंट्या ठोकायला लागतात, आणि एकदा सगळं उभं राहिलं की मग कुणीच साइट बदलायला तयार होत नाही. आवडली नाही तर लगेच ऑफिसला जा, "दुसरी कुठली रिकामी आहे का, आम्ही अजून काहीच लावलेलं नाही" असं सांगा, अर्ध्या वेळा तरी मिळते माझ्या अनुभवात. नाहीच मिळाली तर टेंट साइटच्या मधोमध लावायची सवय सोडा, सगळ्यात उंच कोपरा बघा, पोरांची डोकी चढाकडे आणि दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

निघायचा दिवस उरला. साइटवर सांडपाण्याची जोडणी नसेल तर डंप स्टेशन, म्हणजे ट्रेलरच्या टाकीतलं सांडपाणी सोडायची जागा, एकच आहे की दोन ते आधी विचारून ठेवा. चेकआउटच्या तासभर आधी तिथे आख्खं कॅम्पग्राउंड रांगेत उभं असतं, आणि एखादा नवखा पाइप कुठे लावायचा ते पुस्तिकेत वाचत असतो. भाऊजी साडेसातलाच तिकडे जाऊन येतात, आणि तेवढ्या वेळात आम्ही टेंटवरचं दव पुसून वाळत टाकतो.