आधी मिस्त्री, मग एमजी

एमजीसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की माणूस रंगावर जातो. तुम्ही आधी मिस्त्री शोधा. आयुष्यभर अँबेसेडर खोललेले हात सोलापुरात अजून सापडतात, आणि एमजीए 1500 चं 1489 सीसी इंजिन हे अँबेसेडरच्या 1489 सीसी इंजिनाचं सख्खं भावंड, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सीरीज घराण्यातली. एमजीएनंतर आलेल्या एमजीबीचं 1798 सीसी त्याच घरातलं थोरलं. तेव्हा परदेशी नावाला घाबरायचं कारण नाही. इंची पाने कुणाकडे आहेत आणि या गाड्यांचे एसयू कार्बोरेटर कोण नीट जुळवून देतो, एवढं विचारून ठेवा.

मिस्त्रींना सोबत घेऊन सकाळीच जा, आणि मालकाला आदल्या दिवशी सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेट गरम लागलं तर चहा घ्या, थंड होऊ द्या, मग स्टार्टर मारा. खिशात टॉर्च आणि चुंबक हवा. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, दाराखालचे सिल हाच तिचा कणा. तिथं चुंबक धरेना, तर रंगाखाली पुट्टी भरलीय. मुंबईच्या खाऱ्या हवेतली गाडी असेल तर गालिचा उचलून तळ बघाच. आपल्याकडची कोरड्या हवेतली बरी, फक्त उन्हानं रबर आणि सीटा खाल्लेल्या असतात.

आरसीवरचा इंजिन नंबर प्रत्यक्षाशी जुळवा. कुणी डिझेल इंजिन बसवून आरसीवर चढवलंच नसेल, तर हात जोडून परत या. बाहेरच्या जिल्ह्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत आधी, सोलापूरचा एमएच-13 नंतर. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: नंबरात व्हीए, फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग तिला रोज नव्या पेठेत न्यायचं नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, बस्स.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलायचा खर्च भावातच धरा. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवू नयेत, पण पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल जुनं रबर कुरतडतं.

शेवटची फेरी तुळजापूरच्या घाटात, भर दुपारी. वर पोचल्यावर गाडी बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. नाहीच झाली, तर ढकलायला मिस्त्री आहेतच.