वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी नि नंतर थायरॉईडची गोळी कशी सांभाळायची

ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या, तो जागेवर नसेल तर डॉक्टर आधी डोस बसवतात, घाई करू नका. मी रत्नागिरीची, आमच्याकडे सगळे म्हणतात मासे खातेस मग थायरॉईड कसला, पण बांगडा खाऊन गोळी सुटत नाही हो.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही (हेच सगळ्यात कठीण, घरात चहाचा वास सुटलेला असतो). ऑपरेशनच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही ते आधीच विचारून ठेवा, बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

नंतर खरी गंमत. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन चालू होतात आणि ते थायरॉईडच्या गोळीला अंगी लागू देत नाहीत, म्हणून मध्ये ४ तास सोडा, मी लोह सरळ रात्रीवर ढकललं. ६-८ आठवड्यांनी टीएसएच परत करा, वजन उतरतं तसा डोस बऱ्याच जणांचा कमी होतो पण बायपासनंतर (पोट छोटं करून आतड्याचा काही भाग वगळतात ते वजनाचं ऑपरेशन, हृदयाचं नव्हे) गोळी नीट शोषली गेली नाही तर वाढूही शकतो, त्यामुळे मनाने कमीजास्त नको. छाती धडधडली, हात थरथरले तर लगेच दाखवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टेस्टच्या आधी २ दिवस तरी बंद, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येतो.

आणि पावसात गोळ्यांची बाटली खिडकीत ठेवू नका, दमट हवा लागते.