शेळीच्या पापणीवरून रक्त पिणारे जंत कसे ओळखावेत

पावसाळ्यात एखादी शेळी कळपाच्या मागे रेंगाळू लागली, तिच्या जबड्याखाली पाणी उतरले, आणि तरीही लेंडी बांधलेलीच राहिली, तर हिमॉन्कस कॉन्टॉर्टस या जंताची शंका सर्वांत आधी घ्यावी. हगवण नाही म्हणजे जंत नाहीत, हा समज या जंताच्या बाबतीत जनावराच्या जिवावर बेततो.

हा जंत शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. मेलेल्या जनावराचे ते पोट उघडले, तर दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या माद्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. त्यांच्या अंगात रक्ताने भरलेले तांबडे आतडे आणि त्याभोवती पीळ घातलेले पांढरे बीजकोश. त्या तांबड्या रंगात शेळीचे लोह असते. हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त घटक, म्हणजे हीम, गोलकृमींना स्वतः तयार करता येत नाही, हे 2005 साली स्पष्ट झाले. मात्र पेशींच्या श्वसनासाठी तो त्यांना लागतोच, म्हणून तो बाहेरून आयता मिळवावा लागतो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो, म्हणजे हजार जंतांमागे 50 मिलिलिटर. शेळीच्या 100 मिलिलिटर रक्तात 10 ग्रॅम हिमोग्लोबिन धरले, तर रोज सुमारे 17 मिलिग्रॅम लोह तिच्या रक्तातून बाहेर पडते. आतड्यात सांडलेल्या रक्तातले थोडे लोह पुन्हा शोषले जाते, पण काही आठवड्यांत शरीराचा साठा आटतो आणि नवे रक्त बनणे मंदावते.

आपली उस्मानाबादी शेळी बहुधा काळी असल्यामुळे रक्त कमी झालेले अंगावरून कळत नाही. ते खालच्या पापणीच्या आत पाहावे लागते. तपासणी दिवसाच्या उजेडात, उघड्यावर करावी, कारण गोठ्यातल्या बल्बखाली रंग फसवा दिसतो. एका अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर झाकून डोळा हलकेच आत दाबावा आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढावी, म्हणजे आतले ओलसर अस्तर वर उचलून येते. रंग क्षणभरात ठरवावा. पापणी फार वेळ उघडी धरली की ती लाल होत जाते आणि आजारी शेळीही ठीक वाटते. दोन्ही डोळे पाहून जो अधिक फिका, तोच धरावा.

रंग आठवणीवर न सोडता ‘फामाचा’ (FAMACHA) नावाच्या रंगतक्त्याशी जुळवावा. दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्य फाफा मालन यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या तक्त्यात लाल भडक 1 पासून चिनी मातीसारख्या पांढऱ्या 5 पर्यंत छटा आहेत. 4 आणि 5 ला औषध द्यावेच. शेळी, करडू किंवा गाभण जनावर असेल, तर 3 ला देणेही माझ्या मते शहाणपणाचे आहे. पावसाळ्यात ही पाहणी दर दोन आठवड्यांनी करावी.

सगळ्या कळपाला एकदम जंतनाशक पाजू नये. तसे केल्यास औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच होतात. डोस वजन करून द्यावा. अंदाजाने कमी पाजलेले औषधही हेच नुकसान करते. काही औषधांची मात्रा मेंढीपेक्षा शेळीला जास्त लागते, म्हणून ती पशुवैद्यकांना विचारूनच ठरवावी.

लोहाचे टॉनिक किंवा इंजेक्शन जंत काढल्यानंतरच द्यावे, तेही पशुवैद्यकांच्या सल्ल्याने, कारण जादा लोह विषारी ठरते. जंत पोटात असताना दिलेले लोह रक्तात येते आणि त्याच रक्ताबरोबर पुन्हा बाहेर जाते. जोडीला पेंड आणि हिरवा पाला द्यावा, कारण रक्ताबरोबर प्रथिनेही गेलेली असतात आणि जबड्याखालची सूज त्यांच्याच अभावामुळे येते.

औषधानंतर दोन आठवड्यांनी पापणी पुन्हा पाहावी. रंग परतला नसेल, तर लेंडी तपासायला द्यावी. औषध लागू पडेनासे झालेले असू शकते, किंवा रक्त नेणारे गोचीड अथवा यकृतातले चपटे कृमीही असू शकतात.