पणजोबांची पलटण आणि घरची जमीन: कागद शोधताना या चुका टाळा

"पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याच्या लढाईला गेले, म्हणून सरकारनं ओढ्याकडची जमीन दिली." आमच्या घरात हे वाक्य तीन पिढ्या चालत आलं. मी फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद) काढला तर तिथं सरळ लिहिलेलं, जमीन खरेदीखतानं आली. पलटण खरी होती, जमीनही खरी होती, फक्त दोघींची गाठ घरच्यांनी मारलेली होती.

पहिली चूक हीच, कथा आधी ठरवून कागद तिच्यात बसवणं. सैनिकांना मोठ्या प्रमाणावर जमिनी वाटल्या गेल्या त्या पंजाबातल्या कालव्यांच्या वसाहतींत. तो इतिहास वाचून तो आपल्या दख्खनच्या गावाला चिकटवू नका. सरकारनं जमीन दिली असेल तर तशी नोंद फेरफारात सापडायला हवी. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' (हस्तांतरावर सरकारी बंधनं असलेली जमीन) दिसला की काही जण लगेच "बघा, फौजेची जमीन" म्हणतात. पण वतनाची फेरदत्त (सरकारनं पुन्हा दिलेली) जमीन आणि कुळकायद्यानं मिळालेली जमीनही वर्ग 2 मध्येच असते.

सर्वात जास्त भांडणं लावणारी चूक वेगळीच आहे. जुन्या उताऱ्यावर फौजेत गेलेल्या पणजोबांचं नाव नसतं, त्यांच्या थोरल्या भावाचं असतं. लगेच निष्कर्ष निघतो, चुलत्यांनी जमीन लाटली. थांबा, नावापुढची बारीक अक्षरं वाचा. 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एक भाऊ पलटणीत, दुसरा औतावर, अशा घरात जो गावात हजर त्याचं नाव लागायचं. दूर असलेल्याचा हिस्सा त्यानं बुडत नाही, पण तो उताऱ्यावर दिसतही नाही. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, पोर लहान असताना कोणाच्या तरी नावाआड लावलेली नोंद. 'रामा बिन कृष्णा' यातला बिन म्हणजे मुलगा आणि 'कोम' म्हणजे बायको. 'कोम'ला आडनाव समजून आमच्या एका नातेवाइकानं अख्खी एक शाखाच नव्यानं जन्माला घातली होती! पुढं वाटणी झाली का, कधी झाली आणि सैनिकाच्या वारसांना काय आलं, हे वाटणीच्या फेरफारातच कळतं. तो हाती येईपर्यंत भाऊबंदकीचा निकाल देऊ नका.

आजचा सातबारा आजचंच सांगतो. त्यावरचे फेरफार क्रमांक धरून एकेक पायरी मागं जा: जुने हस्तलिखित सातबारे, त्याआधी कडईपत्रक (जमिनीच्या नोंदीचा जुना कागद). स्कॅन केलेले बरेच कागद 'आपले अभिलेख'वर मिळतात, उरलेले तहसीलच्या अभिलेख कक्षात. मध्येच दोर तुटला तर बहुधा गट नंबर आडवा आलेला असतो. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या 1947च्या कायद्याखाली अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन 1930चा कागद मागितलात तर दुसऱ्याचंच शेत हातात येईल. भूमी अभिलेख कार्यालयाकडून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घ्या. क्षेत्रही तपासा. जुन्या कागदावरचं 2-20 म्हणजे दोन एकर वीस गुंठे, हेक्टर नव्हे.

आता पलटण. 1922 साली मराठा पलटणींचे क्रमांक बदलले. 103वी, 105वी, 110वी, 116वी, 117वी या 'पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री'च्या बटालियन झाल्या. म्हणून पेन्शनच्या कागदावर एक नंबर आणि पदकावर दुसरा दिसला तर माणसं दोन समजू नका. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते (दर दिवाळीला चिंचेनं घासून आमच्याकडचं नाव जवळजवळ गेलं आहे). ते पदक चांदीचं असतं. काशाचं निघालं तर पणजोबा बंदूकवाले शिपाई नसून बहुधा लेबर कोअरमध्ये (फौजेच्या मजुरांच्या तुकडीत) होते. घरातल्यांना हे रुचत नाही, पण कडेवरचं वाचून घ्या.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) यादीत नाव नाही म्हणून "ते गेलेच नव्हते" असंही ठरवू नका. त्या यादीत फक्त युद्धकाळात मृत्यू आलेले आहेत. तुमचे पणजोबा परत येऊन शेती करत म्हातारे झाले असतील, तर ते तिथं सापडणारच नाहीत.

आणि वारस नोंदीची तारीख मृत्यूची तारीख म्हणून वंशावळीत टाकू नका. 103वी, 110वी आणि 117वी पलटण इराकमधल्या कुत-अल-अमारात वेढ्यात अडकली होती. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि कैदेत कितीतरी जण मेले. अशा माणसाची खबर गावात कधी आली आणि तलाठ्यानं नोंद कधी धरली, यात वर्षं जाऊ शकतात. वंशावळीत दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा, शेजारी कागदाचा नंबर टाका.