एअरवेचा लाल रंग पाहून लगेच रिपोर्ट लिहू नका

ओरल रेडिओलॉजीला नव्याने आलेल्यांसाठी लिहितेय. सीबीसीटी (जबडा-चेहऱ्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) कसा घेतात, सॅजिटल-ॲक्सियल (उभा-आडवा छेद) म्हणजे काय, हे तुम्हाला येतंच. अडतं ते एअरवेच्या, म्हणजे श्वासाच्या वाटेच्या, रिपोर्टपाशी. सॉफ्टवेअर घशातली पोकळी रंगवून देतं, अरुंद जागा लाल दाखवतं, खाली चौरस मिलिमीटरमध्ये आकडा देतं. आणि रिपोर्टमध्ये 'स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडण्याची) शक्यता' लिहायला हात शिवशिवतात.

थांबा. स्कॅनला साधारण 10 ते 20 सेकंद लागतात. तेवढ्यात पेशंटने आवंढा गिळला की संपलं! जीभ मागे येते, मऊ टाळू वर उचलला जातो, हायॉइड (जिभेखालचं छोटं हाड) वर सरकतं आणि धडधाकट माणसाचा घसा लालभडक दिसतो. म्हणून आकड्याआधी सॅजिटल उघडा. एपिग्लॉटिसची (श्वासनलिकेवरच्या झडपेची) कड दुहेरी दिसतेय का? हायॉइड नेहमीपेक्षा वर आहे का? दात मिटलेत की तोंड उघडं आहे? मान मागे गेली असेल तर वाट रुंद दिसते, पुढे झुकली असेल तर अरुंद. यातलं काहीही खटकलं, तर तो आकडा रिपोर्टमध्ये घालू नका. आणि 'गिळू नका' असं पेशंटला सांगूच नका, हमखास गिळतो. आधी एकदा गिळायला लावा, मग दात मिटून, जीभ टाळूला लावून नाकाने सावकाश श्वास घ्यायला सांगा.

थ्रेशोल्डचंही (कुठल्या छटेपर्यंत हवा धरायची त्या मर्यादेचंही) तसंच. सीबीसीटीतली करडी छटा सीटीच्या हाउन्सफील्डसारखी (घनता मोजायच्या ठरलेल्या एककासारखी) पक्की नसते. थ्रेशोल्ड जरा हलवला की व्हॉल्यूम बदलतं. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅन वेगवेगळ्या मशीनवरचा असेल तर तुलनेच्या फंदात पडू नका. वीकेंड कोर्समध्ये हे सांगत नाहीत, तिथे बटण कुठे दाबायचं ते शिकवतात. त्यापेक्षा जुने स्कॅन शेजारी बसवून दाखवणारी एक खडूस मॅडम बरी.

घाबरू नका, डोळा बसतो. फक्त स्कॅनची मर्यादा विसरू नका: पेशंट जागा असतो, बहुतेकदा उभा किंवा बसलेला. ॲप्निया झोपेत होतो, त्याचं निदान स्लीप स्टडीवर, म्हणजे रात्रभर झोपेत केलेल्या तपासणीवर. मोठ्यांमध्ये एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो तो आकडा) 5 च्या पुढे सौम्य, 15 पासून मध्यम, 30 पासून तीव्र. केवळ घोरतो म्हणून स्कॅन मागणाऱ्या डॉक्टरला नम्रपणे नाही म्हणा, रेडिएशन फुकटचं नसतं. एपवर्थ प्रश्नावली (दिवसा किती झोप येते ते विचारणारी) भरून घेताना मात्र सावध राहा. प्रवासात डुलकी लागते का, असं विचारलं तर विरार लोकलचा प्रत्येक जण 'हो' म्हणणार! बोलता बोलता झोप लागते का, या प्रश्नाच्या उत्तराकडे जास्त लक्ष द्या.

आणखी एक. स्कॅनमध्ये नाक आलं असेल तर ते वाचल्याशिवाय सोडू नका. वाकडा पडदा, सुजलेले टर्बिनेट (नाकातल्या बाजूच्या घड्या), मुलांमध्ये वाढलेले ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) यावर दोन ओळी लिहिल्यात, तर ईएनटीवाले तुमचा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचतील.