वर्षभर पित्त समजत होते, निघाली जठराची सूज (माझा अनुभव)

सकाळी उठलं की पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दोन घास खाल्ले की पोट गच्च, मग थंड दूध, सोडा, मेडिकलमधून अँटासिड, तासभर बरं वाटायचं की परत तेच. आणि गुडघेदुखीसाठी मी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेत होते, तेही उपाशीपोटी, हे कुणाला सांगितलंच नाही. ह्याच गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात!

एक दिवस शी डांबरासारखी काळी झाली. असं झालं तर घरी थांबू नका, आत रक्त जात असू शकतं. मी लगेच दवाखान्यात गेले, एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी) झाली, अस्तर सुजलेलं आणि अस्तराचा छोटा तुकडा तपासला तर त्यात एच. पायलोरी हे जंतू. म्हणजे नुसतं तिखट बंद करून हे कधीच गेलं नसतं. (१९८४ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शलनी हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं, २००५ चं नोबेल त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना मिळालं.)

डायक्लोफेनॅक बंद, १४ दिवस दोन अँटिबायोटिक आणि पँटोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी), ते जेवणाआधी अर्धा तास. तोंड सतत कडू, पाचव्या दिवशी सोडावंसं वाटलं पण कोर्स अर्धवट सोडला की जंतू औषधाला दाद देत नाहीत, म्हणून पूर्ण केला. महिन्याभराने परत टेस्ट, त्याआधी दोन आठवडे डॉक्टरांनी पँटोप्राझोल थांबवायला लावलं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. माझा खरंच निगेटिव्ह आला, आता गुडघा दुखला तर आधी डॉक्टरांना फोन करते.