हार्ट फेल्युअरमधला थकवा : घरी राहून व्यायाम कसा वाढवायचा

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला सारखा थकवा असतो, म्हणून घरचे त्याला बसवून ठेवतात. तिथेच गाडी अडते. हृदयाचा पंप कमी पडतो हे खरं, पण हालचाल थांबली की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायूही झडतात आणि पूर्वी सहज होणाऱ्या कामालाही धाप लागते. स्नायूंचा हा भाग व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घरी सुधारता येतो. मात्र अपेक्षा नेमकी ठेवा. पोलंडमध्ये ८५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नऊ आठवड्यांच्या अशा पुनर्वसनाने व्यायामाची क्षमता आणि जीवनमान सुधारलं. रुग्णालयाबाहेर काढलेले दिवस मात्र वाढले नाहीत. त्यातला पहिला आठवडा रुग्णालयात होता, हेही ध्यानात ठेवा. पहिली तपासणी समोरासमोरच व्हावी.

त्याच भेटीत थकव्याची बाकी कारणं पाहून घ्या : हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, सोडियम-पोटॅशियम, किडनी. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १०० च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाची कमतरता धरतात. तोंडाने घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांचा अशा वेळी फारसा उपयोग होत नाही; शिरेतून लोह द्यायचं का, ते डॉक्टर ठरवतात. झोपेत घोरणं, मध्येच श्वास अडकणं किंवा मन उदास राहणं असेल तर तेही सांगा. या गोष्टी तशाच राहिल्या तर व्यायामाने थकवा हटत नाही आणि दोष व्यायामाला जातो.

सामान थोडंच लागतं : वजनकाटा, दंडाला बांधायचं बीपी मशीन, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि भिंतीला टेकवलेली, न सरकणारी खुर्ची. फोन हातात धरू नका. तो बाजूला, कमरेच्या उंचीवर, डोक्यापासून पावलांपर्यंत दिसेल असा ठेवा. नुसता चेहरा दिसला तर गुडघे लटपटताहेत का, हे फिजिओथेरपिस्टला कळत नाही. सुरुवातीलाच कॅमेऱ्यासमोर नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून दाखवा. खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साठतंय. पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी जवळ असू द्या.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन घ्या. मग बीपी, नाडी आणि थकव्याला ० ते १० पैकी आकडा. हे सगळं वहीत लिहा. तीन दिवसांत वजन २ किलो वाढलं, घोट्यांची सूज वाढली किंवा झोपताना नेहमीपेक्षा जास्त उशा लागल्या, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा बसल्या जागी धाप लागली तर व्हिडिओ कॉलची वाट पाहू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.

व्यायाम जेवणानंतर तास-दीड तासाने करा. लघवी वाढवणाऱ्या गोळीनंतरचे पहिले दोन तासही टाळा, नाहीतर अर्धा वेळ बाथरूमच्या फेऱ्यांत जातो. आधी दहा मिनिटं बसून हातपाय हलवणं आणि संथ चालणं. मग पाच मिनिटं चाल, दोन मिनिटं विश्रांती, असं तीनदा. फारच अशक्तपणा असेल तर एक मिनिट चाल, एक मिनिट बसा. त्यानंतर खुर्चीवरून उठ-बस पाच ते आठ वेळा. उठताना आकडा मोठ्याने म्हणा, म्हणजे श्वास रोखला जाणार नाही. शेवटी दहा मिनिटं वेग हळूहळू उतरवा. एकदम थांबलात तर रक्त पायांत साठतं, त्यात बीपी कमी करणाऱ्या गोळ्या असतातच, आणि चक्कर येते.

जोर किती लावायचा हे नाडीवरून ठरवू नका. बीटा-ब्लॉकरने (हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळीने) नाडी दबलेली राहते आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर, ती भरवशाची नसते. त्यापेक्षा स्वतःला किती श्रम वाटतात ते ६ (काहीच नाही) ते २० (कमाल) अशा आकड्यांत सांगायची बोर्ग मोजपट्टी वापरा आणि ११ ते १३ मध्ये राहा : चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं. आयसीडी (धोकादायक ठोके थांबवायला शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असेल तर मिनिटाला किती ठोके झाले की ते शॉक देईल हे विचारून घ्या. नाडी त्या आकड्याच्या किमान १० ते २० ठोके खालीच राहायला हवी.

वाढवायचं कधी, हे आजच्या हुरुपावर नाही, उद्या सकाळच्या आकड्यावर ठरतं. बहुतेकांचं बिनसतं ते चांगल्या दिवशी : अंगात जोर वाटला म्हणून व्यायामही केला, कपाटही आवरलं, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. सकाळचा थकवा नेहमीपेक्षा दोन आकड्यांनी वर असेल तर आदल्या पायरीवर या. आठवडाभर तो स्थिर राहिला तर एक-दोन मिनिटं वाढवा. आधी मिनिटं, वेग नंतर. आंघोळ आणि व्यायाम लागोपाठ नकोत. आंघोळीतही बराच दम जातो, म्हणून ती स्टुलावर बसून करा.

सहा मिनिटांत किती अंतर चालता ते सुरुवातीलाच मोजून ठेवा आणि आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. जागा पहिलीच हवी, कारण छोट्या पॅसेजमध्ये वळणं जास्त होऊन अंतर आपोआप घटतं. ३० मीटरच्या आसपास फरक पडला असेल तर तो खरा धरा. तेवढाही नसेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा : औषधांचे डोस आणि व्यायामाचा आराखडा, दोन्ही त्या आकड्यांवरून बदलता येतात.